तिसऱ्या अल्बमवरचे ड्रम

ग्लेनिसचा नवरा अ‍ॅलिस्टर जाऊन सात महिने झाले होते आणि तिला अजून एकदाही रडू आलं नव्हतं. पोर्ट चामर्स या छोट्या बंदरगावात सगळे म्हणत, बाई मोठी खंबीर. ती खंबीर वगैरे काही नव्हती. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल जसा दुसऱ्याचाच वाटतो, तसं तिला दिवसभर वाटायचं. ती टोस्ट भाजायची, लायब्ररीत जाऊन परत आलेली पुस्तकं फळीवर लावायची, घरी येऊन शेगडीत लाकडं सारायची. दिवस संपायचा.

जुलैतल्या, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यातल्या, एका शनिवारी दुपारी फर्गस तीन रेकॉर्डी काखेत मारून आला. फर्गस म्हणजे ‘स्लिपवे’ बँडचा गायक, आणि अ‍ॅलिस्टर त्या बँडचा ड्रमर. जवळच्या डनीडन शहरातल्या विद्यार्थ्यांच्या ओल आलेल्या खोल्यांत हा बँड जन्मला. इथल्या रेडिओने त्यांना फारसं विचारलं नाही, पण अमेरिकेतल्या कॉलेजातली पोरं त्यांच्या रेकॉर्डी हुडकत फिरली आणि पुढे त्यातल्या कितीतरी जणांनी आपापले बँड काढले. आता एक कंपनी त्यांचे तिन्ही अल्बम नव्याने काढणार होती. छपाईआधीच्या या नमुना प्रती. अ‍ॅलिस्टरच्या जागी ग्लेनिसने ऐकून सही द्यायची होती.

“सही कर आणि मोकळी हो,” फर्गस कोट न काढताच म्हणाला. “ऐकलंच पाहिजे असं काही नाही.”

“इथे लिहिलंय, ‘ऐकून मान्य’.”

“अगं, जन्मात कधी ऐकलं नाहीस आणि आता कागदाला भ्यायलीस होय? आमचं वाजायला लागलं की तू बागेत पळायचीस.”

“बाग तरी गप्प बसायची,” ग्लेनिस म्हणाली. “कोट काढ. चीज रोल भाजते.”

पहिला अल्बम ‘वेट वूल’. दोन दिवसांत उरकलेला. गिटार करवतीसारख्या कापत होत्या, फर्गसचा विशीतला आवाज कुठेतरी मागे गाडला गेला होता, आणि सगळ्यांच्या पुढे अ‍ॅलिस्टर धावत होता. बाकीचे तिघे धापा टाकत त्याच्या मागे.

“हा असाच,” फर्गस हसला. “आम्ही ओरडायचो, अरे गाढवा, गाडी चुकतेय का तुझी? पण त्या घाईतच सगळी गंमत होती. आम्हाला ते फार उशिरा कळलं.”

ग्लेनिस ऐकत होती. तिला वाईट वाटत नव्हतं, बरंही वाटत नव्हतं. पण उठून जावंसंही वाटलं नाही, आणि म्हणून आयुष्यात पहिल्यांदा तिने ती रेकॉर्ड पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली. दुसरीसुद्धा. ‘लो टाइड रोड’ संथ होता, ऐसपैस. ओहोटीला बंदरातला चिखल उघडा पडतो तसा. तिथेही अ‍ॅलिस्टर स्वस्थ नव्हता. गाण्यात जरा जागा दिसली की तो ती भरून टाकायचा. जेवताना टेबलावर बोटं, गाडीत स्टिअरिंगवर बोटं. अंथरुणात तिच्या पाठीवरसुद्धा.

तिसरा ‘कोल्ड पोर्च’. या अल्बमने त्यांचं नाव झालं. अंत्यविधीला आलेली अनोळखी माणसं याच अल्बमबद्दल बोलत होती. वेलिंग्टनहून आलेला एक पन्नाशीचा गृहस्थ तिचा हात धरून म्हणाला होता, तुमच्या नवऱ्याने मला थांबायला शिकवलं.

पहिलं गाणं सुरू झालं. एक ठोका. मग काहीच नाही. ऐकणाऱ्याला वाटावं, विसरला की काय. आणि मग, आता नाही असं वाटत असतानाच, दुसरा. दुसरं गाणंही तसंच, तिसरंही.

ग्लेनिसने हातातली बशी खाली ठेवली.

“फर्गस, हा अ‍ॅलिस्टर नाही.”

“नाही कसा? तोच की.”

“मी पस्तीस वर्षं त्या माणसासोबत जेवलेय. त्याला अशी जागा रिकामी सोडताच यायची नाही. कोण आहे हे?”

फर्गसने सुई उचलली. 

“रेविन,” तो म्हणाला. “आमच्या रेकॉर्डिंगवाल्याची धाकटी बहीण. एकोणीस वर्षांची होती. रेकॉर्डिंगला चर्चचा हॉल दहाच दिवस मिळाला होता, ग्लेन. आणि अ‍ॅलिस्टर आलाच नाही.”

“कधीची गोष्ट?”

“सत्त्याऐंशीचा जुलै.”

पुढे त्याला काही सांगावं लागलं नाही. त्या जुलैत ग्लेनिसला मुलगी झाली होती, जन्मतः मेलेली. हॉस्पिटलातून आल्यावर ती भिंतीकडे तोंड करून पडून असायची आणि अ‍ॅलिस्टर पलंगाशी खुर्ची टाकून बसायचा. रेकॉर्डिंगचं काय झालं, असं तिने एकदा विचारलं होतं. सकाळी उरकून येतो, असं तो म्हणाला होता. तिने मान हलवली होती. सकाळीही तो तिथेच असायचा, हे तेव्हा तिच्या डोक्यात शिरलंच नव्हतं. आणि तो अल्बम त्या वर्षाचा म्हणून तिने कधी घरात लावू दिला नाही.

“मग नाव त्याचं का छापलं?”

“कव्हर आधीच छापलेलं होतं. नंतर… नंतर लोक वाखाणायला लागले. त्याला लाज वाटायची. कार्यक्रमात तो ती गाणी त्याच्या पद्धतीने बडवायचा आणि लोक म्हणायचे, वा, प्रत्यक्षात काय वेगळी वाजतात! मी म्हटलं, राहू दे. तो का आला नाही ते सांगितल्याशिवाय लोकांना खरं सांगता येणार नव्हतं. आणि तुझं दुःख त्याला चारचौघांत न्यायचं नव्हतं.”

ग्लेनिसने वाट पाहिली. आता काहीतरी फुटेल, घशात येईल. काही आलं नाही.

“तिचं नाव घाल,” ती म्हणाली.

“ग्लेन, विचार कर. तो गेलाय. लोकांकडे त्याचं एवढंच उरलंय.”

“त्याचे दोन आहेत. तिच्याकडे एकही नाही. नंबर आहे का तिचा?”

रेविन ओमारू नावाच्या गावात राहत होती, शाळेची बस चालवायची. ग्लेनिसने फोन लावून स्वतःची ओळख सांगितली.

“तू ड्रम वाजवलेस त्या अल्बमवर,” ग्लेनिस म्हणाली.

“बोटांची टोकं कापलेले लोकरीचे हातमोजे घालून,” रेविन म्हणाली. “हॉलमध्ये मरणाची थंडी होती. मला नीट वाजवता येत नव्हतं हो, म्हणून कमी वाजवलं.” मग पुढे, “मी माझ्या पोरांना सांगितलं होतं. त्यांना वाटतं आई फेकते.”

“आता छापून येईल.”

“का पण? इतक्या वर्षांनी?”

“ऐकून मान्य करायचं होतं,” ग्लेनिस म्हणाली. “मी ऐकलं.”

तिने तो बदल कागदावर आपल्या हाताने लिहिला, फर्गसलाही खाली सही करायला लावली. त्याने केली. जाताना तो दारात घुटमळला. “माझ्यावर चिडलीस का?”

“माहीत नाही. कळलं की फोन करीन.”

नोव्हेंबरमध्ये अल्बम आले. काही चाहते खवळले; मेलेल्या माणसाची अब्रू घालवली म्हणून तिला दोन पत्रंही आली. डनीडनच्या दुकानात छोटा कार्यक्रम झाला, त्याला रेविन दोन दांडग्या मुलांना घेऊन आली. त्यांनी कव्हर उलटंपालटं करून आईचं नाव वाचलं आणि आईला शर्टवर सही करायला लावली. ग्लेनिस कोपऱ्यात उभी राहून ते बघत होती. चांगलं झालं, हे तिला कळत होतं, जसं बाहेर ऊन आहे हे पडद्याआडून कळतं.

फर्गसला तिने डिसेंबरात फोन केला. चिडले होते, म्हणाली, आता नाही. त्यानंतर भांडी घासताना ती कधीकधी ‘वेट वूल’ लावते. अ‍ॅलिस्टर धावत सुटतो, बाकीचे मागे पडतात. पाणी गार होईपर्यंत ती ऐकत उभी राहते.