प्लॅस्टिकमधला फॉर्म सोळा

मी एक जुना फॉर्म सोळा आहे. मित्रांनो, या देशाचे रस्ते, पूल, दवाखाने आणि सीमेवरच्या चौक्या उभ्या करण्यात माझा वाटा आहे. वाटा दोन हजार ऐंशी रुपयांचा आहे, आणि तो एकदाच दिला गेला.

जळगावच्या एमआयडीसीतल्या एका पाइप कारखान्याच्या ऑफिसात, दोन हजार चोवीसच्या जूनमध्ये माझा जन्म झाला. मालक नोकराच्या पगारातून आयकर कापतो, सरकारजमा करतो आणि किती कापला, कसा काढला, हे वर्ष संपल्यावर नोकराला लिहून देतो. ते लिहून देणे म्हणजे मी. पहिल्या पानावर कापलेली रक्कम, मधल्या पानांवर ती कशी निघाली त्याचे गणित, शेवटच्या पानावर सही-शिक्का. आम्ही एकूण पाच पाने होतो.

मी ज्याचा, तो भूपेंद्र तिथे सुपरवायझर. त्याने मला न वाचताच जेवणाच्या डब्याच्या पिशवीत कोंबले आणि मेहरूणला, कर्ज काढून बांधलेल्या नव्या घरी नेले. तिथे त्याच्या वडिलांनी, सुपडूनानांनी, मला हातात घेतले. खरे तर माझे आयुष्य तिथून सुरू झाले.

नानांनी चाळीस वर्षे जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलल्या. मजुरी शनिवारी हातावर पडायची आणि तिच्यातून घेतलेली उचल सोडून दुसरे काही कापले जात नसे. सरकारने दखल घ्यावी एवढा पगार त्या घरात कधी आलाच नव्हता. नानांनी माझ्यावरची रक्कम दोनदा वाचली आणि सायकल काढली. झेरॉक्सवाल्याने विचारले, शाळा सोडल्याचा दाखला आहे का. नाना म्हणाले, शाळेला लागल्याचा समज.

लॅमिनेशन मात्र दोनच पानांचे झाले, रकमेचे आणि शिक्क्याचे, पाठीला पाठ लावून. मधली तीन पाने सुमनबाईंनी, म्हणजे भूपेंद्रच्या आईने, मसाल्याच्या डब्यांखाली अंथरली. कागद चांगला जाड आहे, अशी त्यांनी तारीफही केली.

मित्रांनो, नंतरचे वर्ष माझ्या वैभवाचे होते. मी शोकेसमध्ये, टीव्हीच्या वरच्या कप्प्यात उभा असे. पाहुण्याच्या हातात चहाच्या आधी मी यायचो. "मना पोर्‍याना टॅक्स कटस, भाऊ," असे नाना म्हणत. कर कापला म्हणून कुरकुरणारी मोठमोठी माणसे मी टीव्हीवर ऐकली आहेत. कर कापला म्हणून छाती पुढे काढणारा माणूस मी एकच पाहिला, आणि त्याने स्वतः आयुष्यात एक रुपया आयकर भरलेला नव्हता.

पुढच्या जूनमध्ये मला धाकटा भाऊ व्हायला हवा होता. झाला नाही. भूपेंद्रचा पगार वाढला होता, पण त्या वर्षी कर कापलाच गेला नाही, आणि कापला नाही म्हणून कारखान्याने फॉर्मही दिला नाही. भूपेंद्र खूश होता. नाना खचले. थोडा तरी कापा, असे सांगायला ते स्वतः कारखान्याच्या गेटपर्यंत गेले. वॉचमनने अशी तक्रार पूर्वी ऐकलेली नसल्यामुळे त्यांना पाणी पाजून परत पाठवले. सुमनबाई एवढेच म्हणाल्या, "नही कटस ते बरं शे ना." नाना दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. मला दाखवणे बंद झाले, आणि माझ्यापुढे विजेची बिले उभी राहू लागली.

दिवाळीनंतर शिंदखेड्याहून स्थळ आले. मुलगी भूमिका, धुळ्यात एका कर सल्लागाराकडे नोकरीला. घर बघायला ती स्वतः मामांबरोबर आली होती, हेच नानांना नवीन होते. मुलगी भूपेंद्रला फोटोपासूनच पसंत होती. मामा, रुपचंद त्यांचे नाव, त्यांना मात्र एका स्थळाने पूर्वी घरी छापलेली पगाराची चिठ्ठी दाखवून फसवले होते. तेव्हापासून ते फक्त टॅक्सवर विश्वास ठेवत.

नानांनी बिले बाजूला करून मला पुढे केले. मामांनी वर्ष पाहिले आणि यंदाचा कागद मागितला. तो निघालाच नाही, असे नानांना सांगावे लागले. मामा म्हणाले, "पहिले कटे, आते नही कटस. पगार कमी व्हयना का काम सुटनं?" भूपेंद्र पासबुक आणायला उठला, तर मामांनी हातानेच खाली बसवले आणि चपला कुठे काढल्या ते पाहू लागले.

तेवढ्यात भूमिकाने मला उचलले. वाचले, उलटले, परत उलटले. मग विचारले, "नाना, याची मधली पानं कुठे आहेत?"

हा प्रश्न मला दीड वर्षात कोणी विचारला नव्हता.

सुमनबाई आत गेल्या, डबे वाजले, आणि त्या हळदीने पिवळे झालेले चार कागद घेऊन आल्या. भूमिकाने गणितावर बोट ठेवले. "मामा, हे बघा. पगार सात लाख बावन्न हजार. त्यातून पन्नास हजार सरसकट वजा. उरले सात लाख दोन हजार. सात लाखांपर्यंत कर नव्हता, हे दोन हजारांनी वर गेले. दरानं पंचवीस हजार दोनशे होतो, पण दोन हजार जास्त कमावले म्हणून पंचवीस हजार घ्यायचे नाहीत, असा नियम आहे. दोनच हजार घेतले, वर ऐंशी उपकर. पुढच्या वर्षी पन्नासचे पंचाहत्तर हजार झाले. पगार वाढूनही हे सात लाखांच्या आत आले. यंदा तर बारा लाखांपर्यंत काही नाही."

मामांनी विचारले, "म्हणजे टॅक्स नही तरी पगार शे?"

"वाढलेला आहे."

मग मामांनी पासबुक मागितले. ते बघितले, आणि चपला विसरून चहा घेतला.

माझ्यात एवढी माया आहे, हे मलाही त्या दिवशी कळले. दोन हजारांसाठी पंचवीस हजार घेऊ नयेत, असे लिहिणारा अधिकारी कोण होता कोणास ठाऊक, पण त्याच्यासाठी मी शोकेसमध्ये जागा करीन.

चौथा कागद माझा नव्हता. तो भूमिकाने सावकाश वाचला, एकदा भूपेंद्रकडे पाहिले आणि हळूच विचारले, "हा ऑफिसात दिलाच नव्हता ना?" भूपेंद्रने मान डोलावली. "नानांना सांगू नका," ती म्हणाली, आणि कागद घडी करून माझ्याखाली सरकवला. मित्रांनो, मी खूप हिशोब पाहिले. असा एकच.

त्याच संध्याकाळी सुपारी फुटली. आता मी पाचही पानांनिशी एका फाइलमध्ये राहतो. नाना पाहुण्यांना पाचही पाने दाखवतात आणि पंचवीस हजार दोनशेपाशी थांबून गोष्ट सांगतात. तुमच्या घरी माझे कोणी नातलग असतील तर त्यांची पाने वेगळी करू नका, आणि मसाल्याखाली तर अंथरूच नका. हळद निघत नाही.

चौथा कागद त्याच वर्षीचा, घरकर्जाच्या व्याजाचा बँकेचा दाखला होता. तो आणि फंडाचे, विम्याचे कागद वेळेवर देऊन भूपेंद्रने अशा खर्चांची वजावट देणारी जुनी करपद्धत घेतली असती, तर ते दोन हजार ऐंशीही कापले गेले नसते.