रोमिनाची पहिली चाळण

“मान वळवू नकोस! मान वळली की दाताळं उचललं जातं!” नाझ्झारेनो काठावरून ओरडला.

मांडीभर पाण्यात उभ्या रोमिनाने दातांनी ओठ दाबला. कमरेला पट्टा, पट्ट्याला दोर, दोराला वाळूत रुतलेलं लोखंडी दाताळं, त्यामागे जाळीची पिशवी. फ्युमिचिनोच्या किनाऱ्यावर बारीक तिसऱ्या अशाच काढतात. तोंड दाताळ्याकडे, पाठ पुढच्या वाटेकडे, एकेक पाऊल मागे.

“पप्पा, मागे खड्डा असला तर?”

“तो टाचेला कळतो. डोळ्यांना काय कळतंय? आणि पळतेस कशाला? इथे तुझ्यापुढे रांग लागलेली नाही.”

“रांगच बरी होती. रांग निदान खारट नव्हती!”

सोळा वर्षं ती विमानतळावर लोकांच्या बॅगा वजनाला लावत होती. वसंतात तिची कंपनी बंद पडली. त्याच महिन्यात डॉक्टरांनी नाझ्झारेनोचा गुडघा दाबून पाहिला आणि थंड पाण्यात उतरणं कायमचं बंद केलं. मिलानहून मावशीचा निरोप आला, हॉटेलात जागा आहे, रविवारी ये. रोमिना म्हणाली, मी पाण्यात उतरते. तीन दिवस घरात भांडी आपटली. शेवटी बापाने एकच सकाळ दिली. दहाच्या आत चाळण भरली तर राहा, नाही तर रविवारची गाडी पकड.

पहिली खेप वर आली ती निम्मी वाळू आणि फुटके शिंपले. नाझ्झारेनोने चाळण हलवली. तळ नीट झाकलासुद्धा नाही. तिचे सुजलेले तळवे त्याने पाहिले, आणि पोरीने हरावं की जिंकावं, हे त्याचं त्यालाच उमगेना.

ती पुन्हा उतरली. या वेळी मान खाली, पावलं संथ. लाट येई, कमरेला टेकून जाई. टाच वाळूला विचारी, वाळू टाचेला सांगे. विमान वाऱ्याला तोंड देऊनच उठतं, हे तिला विमानतळावर कळलेलं. आत्ता विमानं जमिनीकडे तोंड करून उठत होती, म्हणजे वारा जमिनीवरचा, पाणी निजलेलं. नाझ्झारेनोची नजर तिच्या हातांवरून हलत नव्हती.

मध्येच ती थांबली. वर पाहिलं. दोर गोळा करून तिरकी काठाकडे सरकू लागली.

“आता काय झालं? दमलीस?”

“विमानं बघा की पप्पा! दोन गेली समुद्राकडे. वारा फिरला.”

त्याने आभाळाकडे पाहिलं. तिसरं विमानही समुद्रावरून उठत होतं. ती होती त्या जागेवर थोड्याच वेळात पहिली मोठी लाट फुटली. पन्नास वर्षं वारा फिरला की ते आधी त्याला कळत आलं होतं. आज त्याला ते मुलीकडून कळलं.

“तिथेच ओढ, काठालगत,” तो म्हणाला. आवाज खाली आला होता. “लाटेला खांदा देऊ नकोस, कमर दे.”

दहाला अजून दहा मिनिटं होती, तेव्हा चाळण काठोकाठ भरली. नखाएवढ्या, गुळगुळीत, जांभळट कडांच्या तिसऱ्या. रोमिनाने श्वास घेतला, तोंडावरचं पाणी पुसलं.

“मावशीला तुम्ही सांगाल की मी?”

“तूच सांग. तिच्या शिव्या मला झेपत नाहीत.”

ती हसली आणि न विचारताच तिसऱ्या खेपेला वळली.

नाझ्झारेनो वाळूवर बसला, चाळण मांडीशी ओढली. खडे बाजूला, मेलेले शिंपले बाजूला, तिसऱ्यांची पिल्लं वेगळी, परत सोडायला. नवरे पाण्यात असताना हे काम बायका करतात. तीस वर्षं ते त्याच्या बायकोने, एर्सिलियाने केलं, इथेच बसून, डोक्याला रुमाल बांधून, त्याच्याशी ओरडून भांडत. ती गेल्यापासून तो घरी जाऊन एकटाच निवडत असे.

कुत्र्याला फिरवत ओतेल्लो आला. तोही जुना दाताळेवाला.

“काय रे नाझ्झारे, बायकांच्या जागेवर?”

“सरक. ऊन अडवतोयस.”

ओतेल्लोने पाण्याकडे पाहिलं, टोपी मागे सारली आणि कुत्र्याला घेऊन पुढे गेला.

नाझ्झारेनो गुडघ्यावर हात टेकून उठला. मुठीतली पिल्लं त्याने पाण्याच्या कडेला, ओल्या वाळूवर अलगद सोडली. एकेक करून ती उभी झाली, वाळूत शिरली. शेवटचं शिरेपर्यंत तो तिथेच उभा राहिला.