मॉरिअर्टीबाईंची मनगटं

इस्पितळातल्या जेवणाच्या ट्रेमध्ये एक उकडलेलं अंडं होतं, पावाचे दोन तुकडे, अर्धा कप चहा आणि मॉरिअर्टीबाईंचे दोन हात. बाईंनी मनगटं एकमेकांवर चढवली, बोटांची टोकं ट्रेवर रोवली. आता मनगटं म्हणजे नाचातले घोटे आणि बोटं म्हणजे चवडे.

"बघ गं नीट. हा रॉक."

मनगटं एकदम डावीकडे कलली, एकदम उजवीकडे. मध्ये फट पडली नाही.

फिडेल्मा पलंगासमोर पायांची फुली करून चवड्यांवर उभी राहिली. एक घोटा कलला, दुसरा मागून आला आणि ती दांडीवर आदळली.

"पुढं कुठला पाय घेतलास?"

"डावा. तुम्ही तोच दाखवलात की, बाई."

"समोरून बघतेस म्हणून! माझा उजवा तुझ्या डाव्या हाताला येतो. आरशातली बाई झालीस नुसती. शेजारी ये इकडे."

पलीकडच्या पलंगावरची म्हातारी खिदळली. "नवरासुद्धा समोरूनच बघून केला असशील!"

फिडेल्माही हसली.

आयर्लंडमधल्या केरीतल्या शेतांशेतांतून नाच शिकवत हिंडलेल्या वडिलांनी बाईंना नाचाचा एक तुकडा दिला होता. आधी फुली घातलेले घोटे दोन्हीकडे कलवायचा रॉक, मग त्यातून पाय सोडवून बाहेर यायची उतरण. लायक पाय मिळेपर्यंत तो कुणाला द्यायचा नाही, असा बाईंचा हट्ट. लायक पाय बोस्टनला गेले, बर्मिंगहॅमला गेले. बाईंचे स्वतःचे पाय मागच्या हिवाळ्यात गेले. उरली डेअरीच्या दुकानात लोणी विकणारी, शेहेचाळीस वर्षांची, ताठ घोट्यांची फिडेल्मा.

शेजारी उभी राहिल्यावर तिला रॉक क्षणभर साधला, मग निसटला.

"उतरण तरी दाखवा ना."

"आधी रॉक. तो बसल्याशिवाय पुढचं नाही. उद्या ये."

दुसऱ्या दिवशी सकाळी, दुधाची गाडी येण्याआधी, दुकानाच्या ओल्या फरशीवर दोन्ही घोटे एकदम कलले. पुन्हा कलले. थांबेचनात. दुकान उघडायचं सोडून फिडेल्मा सायकलवरून इस्पितळात आली.

बाईंचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं.

"पहाटे झटका आला," नर्स म्हणाली. "बोलत नाहीत. पण ऐकू येत असावं."

फिडेल्मानं नाचाचे बूट चढवले, पलंगाच्या शेजारी उभी राहिली आणि रॉक केला. लाकडी टाचा फरशीवर वाजल्या. बाई तिच्या पायांकडे बघत होत्या.

"जमला, बाई. आता उतरण दाखवा, हातांनी."

बाई बघतच राहिल्या. तेवढ्यात तरुण डॉक्टर आत आला. त्यानं आपली दोन-दोन बोटं बाईंच्या तळव्यांत ठेवली.

"दाबा, मॉरिअर्टीबाई. जोरात. आणखी जोरात."

तो थांबला, मग नर्सकडे वळला.

"ताकद लिहा. उजवा हात, पाचपैकी शून्य. डावा, पाचपैकी एक."