दिशाची जबानी

पहिली थप्पड बसली तेव्हा अक्षदाच्या हातात मुलांच्या वाळलेल्या चादरी होत्या. दुसरीला त्या खाली पडल्या. त्यानंतरची थप्पड नव्हतीच, ती मूठ होती, आणि ती डाव्या डोळ्यावर बसली.

“चोवीस हजार सांगतेस मला? चोवीस?” जितेंद्रने तिचा अंबाडा मुठीत धरला आणि फरपटत तिला फाटकापाशी नेलं. “वाच! डोळे फुटलेत का? मोठ्याने वाच ना!”

फाटकाशेजारी फलक होता. कर्णबधिर मुलांची सरकारी निवासी शाळा, तेव्हा नियमच होता: प्रत्येक कर्मचाऱ्याचं नाव, हुद्दा आणि पगार येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसला पाहिजे. मुख्याध्यापक ऑगस्टीन सरांनी तो गेल्याच आठवड्यात नव्याने रंगवून घेतला होता. ‘सौ. अक्षदा जितेंद्र पाष्टे, काळजीवाहक, एकूण वेतन ४१,२००.’ अक्षर कसं, मोत्यासारखं!

“बायकोचा पगार नवऱ्याने रस्त्यावर उभं राहून वाचायचा? तो नाक्यावरचा इस्टेट एजंट हसतो मला! माझ्याच घरात राहून मलाच टोपी घालतेस?” आणि त्याने तिचं तोंड फलकावर आदळलं.

टोपी घातली होती, हे खरं. कित्येक वर्षं ती चोवीस हजार त्याच्या हातावर ठेवायची आणि उरलेले गुपचूप पोस्टात टाकायची. कशासाठी, असं कुणी विचारलं असतं तर तिला धड सांगता आलं नसतं. ज्या घरात श्वाससुद्धा विचारून घ्यायचा तिथे काहीतरी आपलं असावं, एवढंच. जितेंद्रची नोकरी सुटून जमाना झाला होता. जूचंद्रला प्लॉटची दलाली करतो म्हणायचा, पण आजवर कुठला प्लॉट विकला गेलेला तिने पाहिला नव्हता.

त्याने तिला खाली पाडलं आणि लाथा घातल्या. कमरेत, पोटात, पाठीत. अक्षदाच्या तोंडून हूं की चूं निघालं नाही. ती सवयच झाली होती. जूचंद्रच्या त्यांच्या इमारतीत भिंती पातळ, म्हणून ती ओढणीचा बोळा तोंडात कोंबून मार खायची. शेजारच्या रुक्मिणीकाकू तर कौतुकाने म्हणायच्या, “तुमच्याकडे किती शांतता असते हो!”

तेवढ्यात तिसरीतली दिशा कुठूनशी धावत आली आणि तिने जितेंद्रच्या मनगटाला करकचून चावा घेतला. तो ओरडला. त्याने पोरीला केसाला धरून उचललं आणि फाटकावर फेकलं. हाड मोडल्याचा आवाज झाला. खेळायला बाहेर आलेल्या मुलांनी अंगण भरलं होतं, पण तो आवाज ऐकला फक्त दोघांनी, अक्षदाने आणि जितेंद्रने.

मग फाटकाबाहेर सांडोर गावाच्या वाटेवर उभे असलेले रिक्षावाले धावले आणि त्यांनी त्याला ओढून बाजूला केलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी दिशाचा उजवा हात प्लास्टरमध्ये घातला आणि सरळ पोलिसांना फोन केला. फौजदार बाई निघाल्याचं कळलं तसे ऑगस्टीन सर अक्षदाच्या बाजूला येऊन बसले. माणूस वाईट नव्हता, पण भित्रा. भित्र्या माणसाचं चांगुलपण म्हणजे पावसाळ्यातलं ऊन, असून नसल्यासारखं.

“अक्षदाबाई, मुलगी धावताना घसरली म्हणा. चौकशी लागली की सगळ्यांचे पगार अडकतील. सणाचे दिवस आहेत. आणि स्वतःच्या नवऱ्याला आत घालणार का तुम्ही?”

जितेंद्रही येऊन पोचला होता. मनगटाला रुमाल, आवाजात साखर.

“अक्षू, पाया पडतो तुझ्या. घसरली म्हण. उद्यापासून पगार तुझाच, मी विचारणारसुद्धा नाही.” मग तो वाकला आणि कानाशी म्हणाला, “आणि नाही म्हणालीस, तर शेवटी घरीच यायचंय तुला.”

तिला भीती वाटली. भीती वाटली आणि मोहही झाला, खोटं कशाला सांगा! पगार आपला आणि घरात शांती. एका शब्दात मिळत होतं सगळं.

फौजदार मीरा राऊत आल्या. त्यांनी जितेंद्रला बाहेर बाकावर हवालदाराशेजारी बसवलं आणि दिशाकडे पाहून विचारलं, “हिची भाषा कोणाला येते?”

हिल्डा टीचर प्रशिक्षणाला पुण्याला गेल्या होत्या. सरांना खुणांची भाषा ‘जेवलास का’च्या पुढे येत नव्हती. ते छताकडे बघू लागले.

“मला येते,” अक्षदा म्हणाली.

“तुम्हालाच मार बसलाय ना? बरं, रीतसर दुभाषा उद्या बोलवू. आत्ता ती काय म्हणते तेवढं सांगा.”

दिशा डाव्या हाताने सांगू लागली. तिने मूठ वळली आणि स्वतःच्या डाव्या डोळ्यावर टेकवली. आजचा ठोसा सांगतेय, असं अक्षदाला वाटलं. पण तीच खूण पुन्हा आली. मूठ डोळ्यावर, मग चादरी काढत होती. मूठ डोळ्यावर, मग खाली पडली. मला ताप आला होता तेव्हा मूठ-डोळ्यावर माझ्याजवळ बसली होती, म्हणून मी चावले.

ही मुलं कोणाला नावाने हाक मारत नाहीत. माणसात जे पहिलं डोळ्यांत भरतं त्याची खूण करतात, आणि तेच त्याचं नाव होतं. सरांचं नाव पोट, हिल्डा टीचरचं नाकावरचा चष्मा. आपलं नाव अंबाडा, असं ती समजून चालली होती.

‘हे नाव कधीपासून?’ तिने हातांनी विचारलं.

‘पहिलीत आले तेव्हापासून,’ दिशाने सांगितलं. ‘तेव्हा तुझा डोळा असाच होता. आम्ही छोटी सगळी हेच म्हणतो.’

तोंडात बोळे कोंबून जगापासून लपवलं, आणि ज्यांना ऐकूच येत नाही त्यांच्यापुढे सगळं उघडं पडलं होतं.

“काय म्हणते?” राऊतबाईंनी विचारलं.

अक्षदाने दाराकडे पाहिलं. बाहेरून जितेंद्र दाराच्या फटीतून पाहत होता. घसरली म्हटलं असतं तर त्या खोलीत कोणी हरकत घेतली नसती. दिशा मात्र तिच्या ओठांकडे टक लावून बसली होती. ओठ वाचायला तिला अक्षदानेच आरशासमोर बसवून शिकवलं होतं.

“ही म्हणते,” अक्षदा म्हणाली, “मार खाणारी बाई चादरी काढत होती.”

“कोण मार खाणारी बाई?”

“मी. या मुलांत माझं नाव तेच आहे.”

राऊतबाईंचं पेन थांबलं. ऑगस्टीन सर दार लावून घ्यायला उठले.

“राहू द्या सर, उघडं असू द्या,” अक्षदा म्हणाली आणि पुढे सांगू लागली. मूठ सांगितली, फलक सांगितला, लाथा सांगितल्या. दिशा आठवून आठवून मागचंही काढत होती, दिवाळीच्या सुट्टीनंतरचा फाटलेला ओठ, नाताळातला सुजलेला हात, आणि अक्षदा एकेक तसंच्या तसं सांगत गेली. तिचा आवाज चढत गेला. शेजारच्या खोलीतल्या नर्स येऊन दारात उभ्या राहिल्या. बाकावरून जितेंद्र उठला, तसं हवालदाराने त्याला खाली बसवलं.

“हळू बोला बाई,” राऊतबाई म्हणाल्या, “ऐकू येतंय आम्हाला.”

अक्षदाने दिशाच्या हाताकडे पाहिलं.

“मग त्याने मला केसाला धरून फाटकावर फेकलं, असं ही म्हणते,” ती म्हणाली, तितक्याच मोठ्याने.