तोंडात मोजा कोंबलेली घंटा

मित्रांनो, मी एका गायीच्या गळ्यातली घंटा आहे. गाय आता नाही, गळाही नाही. मी मात्र आहे. अंगावर पोचे आहेत, कडेला गंज आहे आणि आवाज असा, की पहिल्यांदा ऐकणारा माणूस आधी वर बघतो, काही पडले का म्हणून. पण आवाज आहे. हे आधीच सांगून ठेवते, कारण माझ्या आयुष्यातल्या साऱ्या काळज्या त्या आवाजाच्याच आहेत.

माझा जन्म आल्प्सच्या डोंगरात, बर्नकडच्या एका खेड्यात लोहाराच्या दुकानात झाला. चर्चच्या घंटा ओतीव असतात. मी पत्रा ठोकून केलेली. लोहारबुवा मला हातोडीने मारत, कानाशी धरत, नापसंतीने मान हलवत आणि पुन्हा मारत. याला ते सूर लावणे म्हणत. शेवटी त्यांचा खांदा दुखायला लागला, तेव्हा माझा सूर बरोबर लागला.

मला रुएदी नावाच्या गवळ्याने घेतले आणि लुस्तीच्या गळ्यात बांधले. लुस्ती ही कळपातली सर्वांत पुढे चालणारी गाय. उन्हाळ्यात कळप वरच्या कुरणात जाई आणि थंडी पडू लागली की डोक्यावर फुलांचे मुकुट घालून खाली येई. सगळे गाव रस्त्याच्या कडेला उभे राहून म्हणे, "काय आवाज आहे!" लुस्तीला वाटे, आपल्यालाच म्हणतायत. मी तिचा गैरसमज कधी दूर केला नाही. ती चालली तर मी वाजणार, हे मला कळत होते.

माझे काम साधे होते. लुस्ती कुठे आहे ते सांगत राहायचे. धुके आले की रुएदी दारात उभा राहून कान देई. माझा आवाज आला की तो निश्चिंत होऊन चीजच्या कढईकडे वळे. कोणी माझ्यावर इतका विश्वास ठेवतो, याचा मला अभिमान होता आणि धास्तीही होती.

एका वर्षी कळप वर नेताना वाटेतल्या हॉटेलातून निरोप आला, की पाहुण्यांची झोपमोड होते. रुएदी भिडस्त माणूस. त्याने माझ्या तोंडात गवताचा बोळा कोंबला. वर पोचल्यावर काढू म्हणाला. वर पोचल्यावर पाहिले तर झोपडीचे दार वाऱ्याने मोडलेले, चुलीत पाणी शिरलेले. त्या धांदलीत बोळा राहिला. दुपारी धुके उतरले. लुस्ती चरत चरत घळीच्या कडेला गेली. खाली ओढा गर्जत होता. मी जीव तोडून लोलक आपटत होते, पण गवतावर आपटलेला लोलक मलाही ऐकू येत नव्हता. तिकडे दारात रुएदी कान देऊन उभा होता.

पुढचे सांगत नाही. माझ्या डाव्या अंगाला जो मोठा पोचा आहे, तो तेव्हाचा.

रुएदीने मला दुसऱ्या गायीच्या गळ्यात बांधले नाही. त्याच्या बायकोने, व्रेनीने, मला उलटे टांगले आणि माझ्यात कपड्यांचे चिमटे ठेवले. चिमट्यांना एकमेकांशी बोलायची सवय नसते. बरीच वर्षे शांततेत गेली.

मग एका उन्हाळ्यात स्काउटची मुले व्रेनीच्या शेतात तंबू ठोकून राहिली. पाऊस यायच्या आत त्यांनी तिचे सगळे वाळके गवत कोठारात भरून दिले. व्रेनीने चिमटे ओतले आणि मला त्यांच्या हातात ठेवले. म्हणाली, "जेवायला बोलवायला होईल. पण हिचं तोंड मोकळं ठेवा, बरं का."

"हो, नक्की," त्यांचा म्होरक्या म्हणाला. अगदी नम्रपणे म्हणाला. इतक्या नम्र होकाराची मला तेव्हाच काळजी वाटली.

या म्होरक्याचे नाव उहू. म्हणजे घुबड. आईबापांनी ठेवलेले नव्हे. तिकडे स्काउटमध्ये शिरले की जुने नाव उंबऱ्याबाहेर राहते आणि मंडळी नवे नाव देतात. उहूच्या हाताखाली पोलेंटा होती. पहिल्याच शिबिरात तिने मक्याचे पीठ शिजवताना असे करपवले, की ते पातेले अजून तिच्या नावाने ओळखले जाते आणि ती पातेल्याच्या. इगेल म्हणजे हेजहॉग, साळूसारखा काटेरी छोटा प्राणी. हा दहा वर्षांचा मुलगा सतत टोचून बोलायचा. आणि मुंग. मुंग म्हणजे मार्मोट, डोंगरातल्या बिळात राहणारा तो खारीचा लठ्ठ भाऊ. मुंग अकरा वर्षांची होती, लठ्ठ मुळीच नव्हती, पण मार्मोटासारखी कर्कश शीळ घालायची.

माझ्यावरून दोन नियम झाले. मला भराभर वाजवले, की 'जेवायला या'. जो जिथे असेल तिथून त्याने चमचा आपल्या पत्र्याच्या डब्यावर बडवून उत्तर द्यायचे आणि धावत यायचे. मग सावकाश एकेक टोल द्यायचा, म्हणजे 'बसा आणि गप्प राहा'. सूप सगळ्यांना वाढून होईपर्यंत जो उठेल किंवा बोलेल, त्याने सगळ्यांचे डबे घासायचे. पहिल्या शिबिरात रोज मुंगनेच डबे घासले. त्यानंतर सावकाश टोल पडला, की ती दगडासारखी बसू लागली.

आता त्या सहलीकडे वळते. सांगताना अजूनही लोलक थरथरतो.

खिंड ओलांडून पलीकडच्या दरीत उतरायचे होते. निघाल्यापासून मी उहूच्या सॅकला लटकून वाजत होते आणि थोड्याच वेळात तीन गायी आमच्या मागून चालू लागल्या. त्यांना वाटले, कोणीतरी पुढारी गाय चालली आहे.

"उहू, तुझं मंडळ वाढलं," पोलेंटा म्हणाली.

"निवडणुकीला उभा राहा," इगेल म्हणाला. "तीन मतं नक्की."

उहू चिडला. तो सगळे ठरल्याप्रमाणे व्हावे असे वाटणारा मुलगा होता आणि गायी त्याच्या ठरावात नव्हत्या. त्याने सॅकमधून आपला लोकरी मोजा काढला आणि माझ्या तोंडात कोंबला. मग मला सॅकच्या तळाशी घातले. मित्रांनो, तो मोजा धुतलेला होता असे उहू सांगतो. मी त्यावर काही बोलत नाही. बोलताच येत नव्हते.

वाट एका घळीच्या काठाने वर चढते, वरच्या लाकडी पुलावरून पलीकडे जाते आणि दुसऱ्या काठाने खाली उतरते. घळीच्या तळाशी ओढा आहे. त्याचा आवाज मला सॅकमधूनही येत होता. असा आवाज मी एकदा ऐकलेला होता. आम्ही पुलाजवळ पोचलो आणि धुके उतरले.

पलीकडे उतरून एका मोठ्या खडकाच्या आडोशाला सगळे थांबले. उहूने डोकी मोजली. पुन्हा मोजली.

"मुंग कुठाय?"

"बुटाची नाडी बांधत होती," इगेल म्हणाला.

"कुठे?"

"पुलाच्या अलीकडे. म्हणजे आता पलीकडे."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"तूच म्हणालास, चालताना बडबड नको."

सगळ्यांनी हाका मारल्या. ओढ्याने त्या गिळल्या. उहूने शिट्टी काढून जोरात फुंकली, आणि चारी बाजूंच्या बिळांतून मार्मोटांनी तितक्याच जोरात उत्तरे दिली. त्यातली एखादी शीळ मुंगची असेलही. कशी ओळखणार?

खडकावर चढून उहूने सुटकापथकाला फोन लावला. मी सॅकमध्ये होते, पण त्याचा आवाज इतका चढला होता, की फोनवरची बाई पलीकडून काय विचारते आहे, तेही समजत होते.

"मुंग हरवलीय! अकरा वर्षांची आहे... नाही, नाही, मार्मोट नाही. मुलगी! ... खरं नाव?" तो थांबला. मागे वळला. "अरे, हिचं खरं नाव काय?"

चार वर्षे एकत्र सूप प्यायलेली पोरे एकमेकांची तोंडे बघत राहिली.

"काहीतरी झेड आहे त्यात," इगेल म्हणाला.

धुक्यात हेलिकॉप्टर येणार नव्हते. माणसे पायी निघतील, पण त्यांना वेळ लागेल. तोवर कोणीही इकडेतिकडे जाऊ नये, असे त्या बाईंनी सांगितले. उहू खडकावरून उतरला आणि पुन्हा मोठ्याने डोकी मोजू लागला. ते मला सॅकमधून कळले.

आणि मी? मला सगळे ठाऊक होते. मला बाहेर काढा, मोजा उपसा, वाजवा, एवढे साधे काम होते. मी लोलक आपटला. लोकरीत काही झाले नाही. पूर्वी गवत होते, आता लोकर आहे. बाकी धुके तेच आणि ओढा तोच. मला वाटले, माझ्या उजव्या अंगालाही आता एक पोचा पडणार.

मित्रांनो, आपण कोणा शहाण्या माणसाला सुचेल अशी वाट बघत असतो. इथे कोणालाच सुचले नाही. इगेलचा पाय वाटेवरच्या एका डबक्यात भिजला होता, इतकेच.

"मला कोरडा मोजा पाहिजे," तो म्हणाला.

"मुंग हरवलीय आणि तुला मोजा सुचतोय?" उहू ओरडला.

"माझी बोटं निळी झालीयत. नंतर मी हरवलो तर शोधायला बरं पडेल का?"

"घंटेत एक आहे बघ," पोलेंटा थकून म्हणाली. "घे आणि गप्प बस."

इगेलने मला बाहेर ओढले, मोजा उपसला आणि त्याला फक्त मोज्याचीच पर्वा असल्याने मला खाली टाकले. मी दगडांवरून गडगडत गेले. इतका वाईट आवाज मी आयुष्यात कधी केला नव्हता आणि इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

इगेल एका पायात मोजा घालून लंगडत आला, मला उचलले आणि भराभर वाजवू लागला. जेवायला या, जेवायला या.

धुक्यातून उत्तर आले. टण टण टण टण. पत्र्याच्या डब्यावर चमचा!

पोरांनी आरडाओरडा केला. उहूने तोंड हातांनी झाकले. इगेल आणखी जोरात वाजवू लागला, आणि माझ्या पत्र्यावर काटा आला. कारण आवाज वरून, पुलाकडून येत नव्हता. समोरून येत होता. मुंग पलीकडच्या काठावर होती आणि आमच्यामध्ये घळ होती. मी म्हणत होते, या, धावत या. आणि ती येत होती. चमच्याचा आवाज जवळ आला. मग दगड सुटल्याचा आवाज आला. दगड घरंगळले, आणि खाली कुठेतरी खूप उशिरा पोचले.

मला थांबवा, असे मला ओरडायचे होते. घंटा स्वतःच्या तोंडाने फक्त तेच ओरडते, जे दुसऱ्याचा हात ओरडवतो.

पोलेंटाने मला इगेलच्या हातातून हिसकावले. तिने एक श्वास घेतला आणि मला सावकाश एकदा वाजवले. थांबली. पुन्हा एकदा. बसा आणि गप्प राहा.

आणखी एकदोन दगड गेले. मग काही नाही.

चमचा नाही, हाक नाही, काहीच नाही. आमचा नियम किती चांगला होता आणि किती भयंकर, हे तेव्हा कळले. मुंग बसली असेल, तर ती गप्पच राहणार. आणि बसली नसेल, तरीही गप्पच.

"बसली असेल," पोलेंटा म्हणाली.

"असेल," उहू म्हणाला. दोघांनीही एकमेकांकडे पाहिले नाही.

उहू बाकीच्यांना घेऊन खडकाशी थांबला. पोलेंटा मला घेऊन पुन्हा वर चढली, पूल ओलांडला आणि पलीकडच्या काठाने उतरू लागली. प्रत्येक वळणावर ती मला एकेक टोल देत होती. उत्तर येत नव्हते. भराभर वाजवून खात्री करून घ्यावी, असे तिला किती वेळा वाटले ते तिच्या बोटांवरून मला कळत होते. एकदा तर तिचा हात उठलाही. तिने तो दुसऱ्या हाताने धरून खाली आणला.

शेवटी धुक्यात काहीतरी मोठे आणि तपकिरी दिसले. ती गाय होती. गळ्यातली घंटा हलवत निवांत रवंथ करत होती. तिच्या पलीकडे, जिथे गवत संपते त्याच्या अगदी अलीकडे, मुंग मांडी घालून बसली होती. एक गुडघा फुटलेला, मांडीवर डबा, हातात चमचा, ओठ घट्ट मिटलेले. पोलेंटाला पाहूनही ती हलली नाही. फक्त डोळ्यांतून पाणी वाहत होते, कारण डोळ्यांबद्दल नियम नव्हता.

पोलेंटाने तिला काखेत धरून मागे ओढले आणि तसेच धरून ठेवले.

"मी उठले नाहीये हं," मुंग म्हणाली. "डबे घासायला लावू नका." मग म्हणाली, "नाडी बांधून बघते तर कोणी नाही. मग घंटा ऐकू आली. मला वाटलं सूप. म्हणून मागे मागे आले, तर ही निघाली." गायीने मान हलवली. "मग आपली खरी घंटा ऐकली. तिचा आवाज असा घाण आहे, की चुकणारच नाही."

मित्रांनो, माझी स्तुती पुष्कळांनी केली. ही मी जपून ठेवली आहे.

खडकाशी परतल्यावर लगेच चूल पेटली. त्या बाईंचा फोन आला. "मार्मोट सापडला का?"

"सापडला," उहू रडत म्हणाला. "सूप पितोय."

निघताना त्याने इगेलने परत दिलेला, म्हणजे स्वतःचाच, मोजा हातात घेतला. माझ्याकडे पाहिले. मग तो मोजा खिशात कोंबला. बसच्या थांब्यापर्यंत चार गायी आमच्या मागून आल्या.

हिवाळाभर मी स्काउटच्या खोलीत खिळ्याला लटकून होते. उहू आता सैन्याच्या सेवेत गेला आहे. तिकडे सगळ्या तरुण पुरुषांना जावे लागते. नवा म्होरक्या चांगला मुलगा आहे. परवा त्याने मला हलवून पाहिले, कानावर हात ठेवला आणि म्हणाला, "हिच्या तोंडात काहीतरी घालायला हवं." इतर मुलांनी नम्रपणे होकार दिला. मुंग तेव्हा तिथे नव्हती.

म्हणून तुम्हाला विनंती करते. जे तुम्हाला बोलावण्यासाठी आहे, त्याच्या आवाजाला कंटाळू नका. आणि वाटेला लागण्यापूर्वी माझ्यासारखीच्या तोंडात एकदा बोटे घालून बघा. मी चावत नाही.

येत्या शनिवारी आम्ही खिंडीकडे निघणार आहोत. इगेलने नवे बूट घेतले आहेत. त्यांत पाणी शिरत नाही म्हणे. मला त्या बुटांचीच फार काळजी वाटते.