एकतीस नंबरचा भात

संशोधन केंद्रात तिला सगळे शितमावशी म्हणत. शितावरून भाताची परीक्षा ही बाकीच्यांसाठी नुसती म्हण, हिला त्याचा पगार मिळायचा. नव्या वाणाचे तांदूळ आले की ती मोजून पाणी घालून भात शिजवायची, एक घास गरम असताना, एक निवल्यावर खायची आणि तक्त्यात शेरा लिहायची: मऊ, मोकळा, चिकट, कडक. पूर्वी चाखायला चौघं बसत. एकजण निवृत्त झाला, एकीची बदली झाली, तिसऱ्याला मधुमेहाने भातच बंद झाला. दोन वर्षं त्या लांबलचक टेबलाशी ती एकटीच बसायची. आई गेल्यापासून घरीही तेच.

त्या वर्षी यंत्र आलं. पानाचा नखाएवढा तुकडा दिला की भात कसा होईल ते आधीच सांगणारं.

"मावशी, तांदळातला एक स्टार्च भात मोकळा ठेवतो," नव्या मॅडमनी समजावलं. "तो किती तयार व्हायचा ते एक जीन ठरवतं. त्यात एका अक्षराचा फरक पडला तरी मोकळ्याचा मऊ होतो. यंत्र ते अक्षर वाचतं."

"म्हणजे माझ्या तोंडाला सुट्टी?"

मॅडम हसल्या. नाही मात्र म्हणाल्या नाहीत.

यंत्राची खात्री करून घ्यायला तिला शेवटचे चाळीस नमुने शिजवायला दिले. चौदा आणि एकतीस नंबर यंत्राच्या मते अगदी सारखे होते, दोन्ही मऊ. गरम असताना तिलाही फारसा फरक वाटला नाही. पण निवल्यावर एकतीसचा भात दाताखाली टणक लागला. तिने तसं लिहिलं.

साहेबांनी तक्ता पाहिला. "अहो मावशी, सर्दी झाली तरी जीभ बदलते. यंत्राला सर्दी होत नाही."

सगळे हसले. तीही हसली, पण ते तिच्या जिव्हारी लागलं. एकवीस वर्षांत तिच्या जिभेवर कोणी बोट ठेवलं नव्हतं. आणि घरी जाऊन हे सांगायलाही कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने कपाटातली अल्कलीची बाटली काढली. चाचणी जुनी होती, साधी होती: कमी उष्णतेत शिजणारा दाणा त्यात विरघळतो, जास्त उष्णता मागणारा टिकतो. दोन बशांमध्ये दोन्ही वाणांचे सहा-सहा दाणे सौम्य अल्कलीत भिजत घातले आणि झाकून ठेवले. तिसऱ्या दिवशी झाकण काढलं, तर चौदाचे दाणे कापसासारखे विरघळून पसरले होते. एकतीसचे दाणे मात्र जसेच्या तसे.

तिने मॅडमना बोलावलं. मॅडम बराच वेळ बशांवर वाकून राहिल्या. मग खुर्ची ओढून बसल्या आणि मावशीने सकाळीच पुन्हा शिजवून ठेवलेले दोन्ही गार भात खाऊन पाहिले.

"खरंच की हो! मावशी, इथे दुसरंच जीन आहे. भातात आणखी एक फांद्या-फांद्यांचा स्टार्च असतो. फांद्या लांब असल्या की दाणा शिजायला जास्त उष्णता लागते, आणि निवला की तो पुन्हा आवळतो. आपण एकच जीन बघत बसलो."

"आपण नाही," मावशी म्हणाली. "तुम्ही."

मॅडमनी कान पकडले. त्या दुपारी दोघींनी उरलेले सगळे नमुने एकत्र चाखले, भांडत, हसत. टेबलाला कित्येक दिवसांनी आवाज आला.

महिन्याभरात दुसरं जीनही यंत्राला वाचता येऊ लागलं. बैठकीत साहेबांनी सगळ्यांसमोर मावशीचं कौतुक केलं आणि त्याच बैठकीत चाखण्याचं काम बंद झालं. आता भात शिजवायची गरजच उरली नव्हती. तिला यंत्रासाठी पानांचे तुकडे भरलेल्या नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवायचं काम मिळालं.

संध्याकाळी तिने धाकट्या बहिणीला फोन लावला.

"अगं, माझंच बरोबर निघालं."

"कशात, ताई?"

ती दोन्ही जीनांबद्दल सांगू लागली. पलीकडे कुकरची शिट्टी झाली, कोणीतरी आई म्हणून हाक मारली.

"छान झालं गं. ताई, नंतर बोलू?"

"हो, हो. तुझं उरकून घे."

फोन ठेवून ती ओट्याशी आली. भूक तर लागली होती. तिने मूठभर तांदूळ धुतले आणि दुप्पट पाणी घालून गॅसवर ठेवले. भात होईपर्यंत ती तिथेच उभी राहिली.