ठिगळाचा खड्डा

आमच्या भाटव्याचं नाव काढलं का आजही माहं डोकं तापते. भाटवा म्हणजे माह्या मोठ्या बहिणीचा, सत्यवतीचा नवरा. वामनराव. अकोल्याच्या शाळेत मास्तर. मास्तर म्हणून का त्यानं माहा खेळ चोरावा?

खेळ माहाच होता बाप्पा! चांदूर बाजारले मळ्यात राखणीले बसल्या बसल्या मी जुन्या लुगड्याच्या फडक्यावर कोळशानं घरं आखली अन् चिंचोक्यायची हुतूतू मांडली. कुंकू लावलेले राक्षस, हळद लावलेले वानर, चुना लावलेले भूतं. मधात ठेवलेली सुपारी समोरच्याच्या शेवटल्या घरात नेली का एक गुण. राक्षस एकच घर चालते, पण ज्याले भिडला तो गडी बाद. म्हणून राक्षसवाल्यानं घाई करूच नाई. आधी गडी झोपवावे, मग सुपारी न्यावी. वानर उड्या मारते, त्यानं मारामारीत न पडता राक्षस सरकाच्या आत दोन-तीन गुण उरकून घ्यावे. भूत सगळ्यायच्या आरपार जाते, पण सुपारी हातात आली का अडते. म्हणून एका भुतानं आधीच शेवटल्या घराजवळ जाऊन उभं राहावं, बाकीच्यायनं सुपारी हातोहात पोचवावी. हे बसवाले तीन हिवाळे गेले माहे!

भाटवा पाहुणा आला, चार दिवस खेळला, कागदावर सगळं उतरवून घेऊन गेला. अन् एकसष्ट सालच्या गणपतीत मी अकोल्याले गेली, तं मांडवात छापील पट! वरची अक्षरं एका बाईनं वाचून दाखवली, 'रचनाकार वामनराव मास्तर'. लोकं हार घालून राहिले, अन् हा लाजून राहिला. माह्या अंगाचा तिळपापड झाला.

"भाटवे, हा खेळ माहा आहे," मी सगळ्यायसमोर म्हटलं.

तो हासला. "जयवंताबाई, तुमाले सही तं करता येत नाई. मंग नियम कोणं लिहिले?"

सगळा मांडव हासला. बायांत बसलेल्या सत्यवतीनं मान खाली घातली. नवऱ्यासमोर तोंड उघडाची सोयच नव्हती तिले.

मी पट पाह्यला. तिसऱ्या ओळीत एक काळं घर होतं.

"हे काय, मास्तर?"

"खड्डा. इथं आला त्याचा डाव चुकला."

"इथंच काहून?"

"काहून म्हणजे? नियम आहे."

"तुमीच बनवला ना खेळ? मंग सांगा, इथंच काहून?"

भाटवा रुमालानं मान पुसून राहिला.

बहिणीसंगं खेळाले आणलेलं माहं फडकं मी पिशवीतून काढलं अन् पटाशेजारी अंथरलं. तिसऱ्या ओळीत, त्याच घरावर, ठिगळ. त्या जाड शिवणीवर चिंचोका टिकत नव्हता, घरंगळत जाये. म्हणून आमी डाव चुकला म्हणो. या शहाण्यानं माहं फाटकं लुगडंही छापून आणलं होतं!

बाया वाकून ठिगळ पाहाले लागल्या.

"ठिगळ काय, कोणीही मागून लावते," भाटवा म्हणे.

"मागून नाई लावलं." सत्यवती उभी राहिली होती. "लग्नाच्या आधी मीच लावलं. टाके माहे आहेत, अन् खेळ जयवंताचा आहे."

नाव काई बदललं नाई. छापून झालं होतं म्हणे! पण सत्यवतीनं छापील पट गुंडाळून ठेवला, माहं फडकं मधात ओढलं अन् राक्षस मांडाले घेतले. नवरा तिथंच उभा होता. तिनं वर पाह्यलंही नाई.

"सरका," ती म्हणे, "जयवंताले बसू द्या."